तुम्ही विचारलंत म्हणून: गव्हर्नमेंट लॉ का नाही घेतलं?

"मार्क चांगले होते म्हणे तुझे, मग गव्हर्नमेंट लॉ का नाही घेतलंस?"

हळदीकुंकवाला विचारून झालं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून झालं, परवा डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्या बाईने विचारलं, तिच्या मुलीला लॉ करायचंय म्हणे. प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलंय. सरकारी लॉ कॉलेज चर्चगेटला, लांब पडतं. सकाळच्या लेक्चरला पोचणं जमलं नसतं. मुलगा तेव्हा तिसरीत होता. नवऱ्याने एकदा मला हे शेवटचं उत्तर देताना ऐकलं आणि घरी आल्यावर म्हणाला की तो चौथीत होता. तर आता एकदाच काय ते लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

कॉलेज लांब नव्हतं. म्हणजे लांब होतं, पण मी रोज ठाण्याला ऑफिसला जातेच, पुढे सीएसएमटीपर्यंत जाऊन चालत गेले असते. हायकोर्टावरून चालत जायचं आणि १८५५ सालच्या कॉलेजात शिरायचं, जिथे टिळक शिकले, जिथे बाबासाहेब प्रिन्सिपल होते, असलं सगळं माझं मनात शंभरदा चालून झालं होतं. मिळालं असतं तर मी लोकलच्या दांड्याला लटकून गेले असते.

मला ते मिळालं नाही. ओबीसीतून लागत होतं, ओपनमधून लागलं नाही, आणि मी ओपनमध्ये गेले कारण माझं नॉन-क्रिमी लेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं ओबीसीला लागणारं सर्टिफिकेट, वेळेत आलं नाही. झालं. एवढंच उत्तर आहे. पण "वेळेत आलं नाही" हे मी असं म्हणते जणू ती ट्रेन होती.

२०२२ ची लॉची सीईटी. दीडशे प्रश्न, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला त्यात पन्नास मार्कांचं नुसतं इंग्लिश असायचं, आणि मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग तालुक्याचं मराठी मिडियम. बाकी पेपर मराठीतून वाचता येतो, ते पन्नास नाही येत. सहा महिने मी पोळ्या लाटताना ओट्याच्या टाइल्सवर शब्द चिकटवून पाठ केलेत, अजून दोन चिठ्ठ्या निघत नाहीयेत. तर मार्क आले ते फुकट नाही आले, हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीये.

कागदपत्रांचंही तसंच, मी काही झोपले नव्हते. लग्न झालेल्या बाईने छत्तिसाव्या वर्षी ॲडमिशन घ्यायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, दाखल्यावर एक नाव, डिग्रीवर तेच नाव पण स्पेलिंग वेगळं, आधारवर सासरचं नाव, मग मॅरेज सर्टिफिकेट जोडा, मग ॲफिडेव्हिट जोडा, बीकॉम २००७ चं त्यामुळे मधल्या वर्षांत काय केलंत त्याचं आणखी एक ॲफिडेव्हिट. (काय केलं? मूल काढलं आणि लोकांचे हिशोब लिहिले.) सगळ्यात अवघड असते कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा दाखला, ती मी आठ महिने आधी काढून ठेवली होती! धाकट्या भावाने इंजिनियरिंगला काढलेली होती म्हणून रक्ताच्या नात्याचा पुरावा हातात होता, तरी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढायला बाबांनी दोनदा शाळेत चकरा मारल्या. लोकांचं ॲडमिशन व्हॅलिडिटीपायी जातं. माझं गेलं नॉन-क्रिमी लेयरवर, जे सगळ्यात सोपं. हे सांगताना अजून कानशिलं तापतात.

तर ते. माहेर सातारा जिल्ह्यात, जात माहेरची, त्यामुळे नॉन-क्रिमी लेयरही तिकडूनच काढायचं. तलाठ्याचा दाखला, तहसीलदाराचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, मग फाईल प्रांताकडे. बाबांची पिठाची गिरणी आहे, शेती म्हणाल तर नावाला. वर्षाला आठ लाखाची मर्यादा, आमच्या गिरणीने आठ लाख बघायला किती दळण लागेल तो हिशोब मी कधी केला नाही. फॉर्म भरताना सेतूची पावती अपलोड केली होती, मूळ सर्टिफिकेट ठरलेल्या तारखेला संध्याकाळपर्यंत चढवायचं, नाही चढवलं तर कॅटेगरीचा दावा गेला, तुम्ही ओपन. ती तारीख होती २०.

बाबा सकाळी गिरणी बंद ठेवून प्रांत ऑफिसात गेले. गिरणी बंद म्हणजे गावात बोंब, सणाच्या तोंडावर तर विचारू नका. फाईल कुठल्याशा बियाणांच्या कंपनीच्या प्लास्टिक पिशवीत. फोन आला पावणेबाराला.

"ते म्हणतायत लेक लग्न झालेली हाय, जावयाच्या उत्पन्नाचा दाखला आणा. त्याच्यामुळंच फाईल थांबलीया."

माझा नवरा आयटीत आहे. त्याचा पगार आठ लाखाच्या बराच वर. मी अकाउंटंट बाई, डोक्यात लगेच बेरीज झाली आणि मी म्हटलं, "बाबा, मग राहू दे. या परत. आपण क्रिमी लेयरमध्ये बसतो."

पलीकडे थोडा वेळ नुसता ऑफिसचा आवाज, पंखा, कुणीतरी कुणालातरी झेरॉक्स मागतंय. मग बाबा म्हणाले, "आपण? आगं मी गिरणीवाला माणूस, माझ्यात कुठनं आली क्रिमी?"

बाबांचं बरोबर होतं. सातवी पास माणसाला जे कळलं ते मला कळलं नाही. क्रिमी लेयर ठरते आईवडिलांवरून, नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरतच नाहीत. केंद्राच्या १९९३ च्या मूळ मेमोपासून हे असंच आहे, शेतीचं उत्पन्नही त्या मर्यादेत मोजत नाहीत, आणि यातलं काहीही गुपित नाही, मराठीत शोधलं तरी पाच मिनिटांत सापडतं. मी कायदा शिकायला निघाले होते आणि टेबलामागच्या माणसाने तोंडी सांगितलेलं मी नियम म्हणून घेतलं. माहितीपुस्तिकेची पीडीएफ समोर कॉम्प्युटरवर उघडी होती. त्यातली फीची पानं मी दहादा वाचली होती.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. यात चूक त्या कारकुनाची, आणि थोडी माझ्या भोळेपणाची, ऐकणारे चुकचुकतात आणि आपापल्या तहसीलची एकेक गोष्ट सांगतात. पुढचा भाग मी नवऱ्यालाही अजून नीट सांगितलेला नाही.

अडीच वाजता बाबांचा परत फोन आला. ते घरी गेलेच नव्हते. बाहेर टपरीवर एक अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांनी बाबांना सांगितलं की जावयाचा काही संबंध नाही, लेकीशी आतल्या मोठ्या साहेबांचं बोलणं करून द्या, ती शिकलेली आहे, ती नियम सांगेल, आज सही झाली तर आजच निघेल. खरंच निघालं असतं, डिजिटल सहीचं असतं ते, सही पडली की मोबाईलवर डाउनलोड. हे सगळं मला रात्री कळलं. अडीचला मला फक्त फोन वाजताना दिसला. उलटा ठेवला होता, थरथरत टेबलाच्या कडेला आला. मी बघत होते. पडेल म्हणून मधे स्टेपलर ठेवला आणि उचलला नाही.

तीनदा वाजला.

विचारलं की मी सांगते, २० तारीख होती, जीएसटीचा ३बी भरायचा शेवटचा दिवस, अकाउंट्समधल्या बाईला २० तारखेला फोन करून बघा. सगळ्यांना पटतं. मलाही दोन वर्षं पटत होतं. पण आमचे सगळे रिटर्न त्या दिवशी एक वाजताच भरून झाले होते. मी कलिंगड खात बसले होते.

मग का नाही उचलला? त्याच आठवड्यात डबा खाताना एकजण म्हणाली होती, "तुझं काय बाई, तुला कॅटेगरी आहे." काही वाईट मनात नव्हतं तिच्या, भेंडीचा घास तोंडात होता, तेवढ्यात म्हणून गेली. आणि रात्री नवरा सहज म्हणाला की आपल्याला खरं तर गरज आहे का त्याची? तोही वाईट माणूस नाही. पण टाइल्सवरच्या त्या चिठ्ठ्या, ते पन्नास मार्क, सगळं एका वाक्यात कुणीतरी पुसलं असं झालं मला. त्यामुळे पावणेबाराला "आपण क्रिमी लेयरमध्ये बसतो" म्हणताना मला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. सुटल्यासारखं थोडं वाटलंच. ओपनमधून लागलं तर लागलं, मग बोला काय बोलायचंय ते.

हे लिहिल्यावर दोन्हीकडून शिव्या बसणार मला माहितीये. एक म्हणणार, बघा, हिलाच पटत नव्हतं. मला पटत होतं हो. आजोबांचं शाळेतलं नाव शोधायला दोन चकरा लागतात कारण ते दुसरीनंतर शाळेत गेलेच नाहीत, आणि माझ्या डबा ग्रुपमध्ये कुणालाही आजोबांची शाळा शोधावी लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरे म्हणणार, मग हक्क सोडलास कशाला, शेण खाल्लंस. ते बरोबर आहे. पण तेव्हाच्या मला समोर बसवलं तर ती म्हणेल, तुला आज वकिलीची सनद हातात घेऊन बोलायला काय जातंय, तू त्या टेबलावर जेवत नव्हतीस. माझ्याकडे तिला उत्तर नाही. बरं, माझा अडीचचा फोन आणि त्या ऑफिसचा पावणेबाराचा शहाणपणा, यातलं जास्त कुणाचं, हेही मला अजून लावता येत नाही. मी दर वेळी जे सोयीचं ते लावते.

रात्री बाबांनी सगळं सांगितलं, टपरीवाल्याचं, साहेब साडेचारला निघून गेल्याचं. फोन का नाही उचललास हे विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. "कामात असशील," म्हणाले.

पुढचं पटकन संपतं. ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार, टाकली, कागदच नव्हता तर ग्रीव्हन्स काय करणार. पहिल्या राउंडला ओपनमधून काहीच नाही, दुसऱ्या राउंडला कल्याणच्या पुढचं एक विनाअनुदानित कॉलेज, चौथा मजला, लिफ्टचं काम सुरू. फी गव्हर्नमेंट लॉच्या कितीतरी पट. आणि ते कॉलेज वाईट नव्हतं, हे मी चिडून सांगतेय असं वाटेल पण खरंच नव्हतं, माझ्या बाकावर एक रिटायर्ड हवालदार होते आणि त्यांच्यासारखं एफआयआर वाचायला कुणी प्रोफेसर शिकवणार नाही.

फक्त एक दिवस वाईट गेला. संविधानाच्या तासाला इंद्रा सहानी केस आली, १९९२, नऊ न्यायाधीश, क्रिमी लेयर. सर सांगत होते की पुढारलेला थर बाजूला काढायचा तो कशासाठी, आणि मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. मी पिशवीतून फाईल काढली, कशाला काढली माहीत नाही, ती व्हॅलिडिटीची. तिच्या कव्हरवर बाबांच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा आहे, पुसला तरी प्लास्टिकच्या रेघांत बसलेलं पीठ निघत नाही. हवालदार काकांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं काही नाही, जुनी झेरॉक्स शोधतेय. त्या पेपरला मला बासष्ट मार्क पडले, क्रिमी लेयरचा प्रश्न आला होता, तो मी ऑप्शनला टाकला.

आता प्लीज "जे होतं ते चांगल्यासाठी" असं कुणी लिहू नका.

चुलत बहिणीला यंदा लॉ करायचंय. तीही लग्न झालेली, नवरा बँकेत, काका आमचे शेतकरी. तेच गाव, तेच ऑफिस, आणि काकांना गेल्या आठवड्यात तेच सांगितलं, जावयाचा दाखला आणा. मी जीआर प्रिंट करून घेतलाय, संबंधित ओळ हायलाइट केलीये, आणि लोकसेवा हक्काच्या कायद्याची एक प्रतही सोबत ठेवलीये, मुदत त्यांनाही असते. जायचं ठरलंय ते नेमकं २० तारखेला. ऑफिसात सांगून ठेवलंय, माझे सगळे ३बी मी १८ लाच भरून देते. बाबा म्हणतायत तेही येणार, गिरणी बंद ठेवून. नको म्हटलं तर ऐकत नाहीत.