स्टँडवर धडधाकट, ट्रॅकवर आजारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशीन शॉप आहे. वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री या कोल्हापूरच्या यंत्रउद्योगातील जुन्या जाणत्यांची नावे जिथे आजही आदराने घेतली जातात, त्या भागात काम करणाऱ्याला बंद पडलेले यंत्र पाहून हातावर हात ठेवून बसणे जमत नाही. कार्ट रेसिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा नाद मला लागला तो यामुळेच असावा. हुपरी रस्त्यावरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या असल्याने आमच्याकडे या खेळाचे अप्रूप आहे, तरी आम्ही सुट्टीच्या दिवशी शर्यत खेळणारे लोक हौशीच. एका क्लब शर्यतीचा रविवार मात्र हौसेची परीक्षा पाहणारा निघाला.

माझ्या कार्टला 125 सीसीचे, पाण्याने थंड होणारे, एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. सकाळच्या सरावात ते उत्तम चालले. पात्रता फेरीत मुख्य सरळ रस्त्यावर गती पकडत असताना ते अचानक अडखळू लागले. आवाज तुटत होता आणि क्षणभर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटत होते. पाय किंचित उचलला की पुन्हा सुरळीत. मागचे सगळे एकेक करून पुढे निघून गेले आणि माझा क्रम शेवटून दुसरा लागला.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत येताच कार्ट स्टँडवर चढवली, इंजिन सुरू केले आणि मागची चाके हवेत ठेवून थ्रॉटल पूर्ण दाबला. एकही ठोका चुकला नाही. आमच्या शॉपमधले मेस्त्री मदतीला आले होते. ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "दादा, काय करतंय ते बघून सांगता येतंय, काय करत होतं ते कसं सांगायचं?"

त्या दिवसाचे सारे दुखणे या वाक्यात आले. कारखान्यात एखादी लेथ मधूनच आवाज करू लागली तर ती दिवसभर चालवता येते, एकेक भाग सुटा करून पाहता येतो, दोष पुन्हा उमटेपर्यंत वाट पाहता येते. क्लब शर्यतीत ट्रॅकवर मिळतात ती दर वेळी दहा-बारा मिनिटे, आणि मग पुढच्या फेरीपर्यंत इतर वर्गांच्या शर्यती पाहत बसायचे. एका फेरीत एकच शंका तपासता येते, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. शंका मात्र बऱ्याच होत्या.

पहिला संशय अर्थातच इंधनावर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागते. आमचे प्रमाण पन्नासास एक. ते मोजून घातले होते, तरी टाकी रिकामी करून नवे मिश्रण भरले, कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊल काढून तळाशी कचरा आहे का ते पाहिले, मेन जेट उजेडासमोर धरून त्याचे भोक तपासले. सगळे स्वच्छ. शेजारच्या पिटमधील एका अनुभवी गृहस्थांनी वेगळाच मुद्दा काढला. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा नसते; मागची दोन्ही चाके एकाच अखंड धुरीवर बसवलेली असतात. त्यामुळे वळणात आतले मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले गेले नाही, तर दोन्ही चाके एकमेकांशी झगडतात, कार्ट अडून राहते आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरते. चालवणाऱ्याला ते इंजिनाचाच दोष वाटतो. मुद्दा शास्त्रशुद्ध होता. पण माझे इंजिन वळणात नव्हे, सरळ रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इंजिनाचे फेरे सर्वाधिक असताना अडखळत होते. त्यामुळे चासीला, म्हणजे कार्टच्या सांगाड्याला हात लावायचा नाही असे ठरवले.

राहिला स्पार्क प्लग. तो बदलला आणि पहिल्या हीटला, म्हणजे अंतिम शर्यतीआधीच्या छोट्या शर्यतीला उतरलो. इंजिन तक्रारीविना चालले, मी चार कार्ट ओलांडून मधल्या फळीत आलो आणि पिटमध्ये परतल्यावर जुना प्लग मेस्त्रींनी रागाने डब्यात टाकला. इथेच या दिवसाने आमची खरी थट्टा केली. एखादा उपाय लागू पडला नाही तर निदान तो यादीतून कमी होतो. पण काही कारण नसताना लागू पडल्यासारखा दिसला, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या पायावर उभा राहतो. मधल्या दोन तासांत आम्ही काहीही तपासले नाही. तपासण्याजोगे काही उरले आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

दुसऱ्या हीटमध्ये पहिल्याच फेरीत तोच तुटका आवाज आला. अंतिम शर्यतीपूर्वी वेळ उरला होता जेमतेम टायरमधली हवा पाहण्याइतका. अंतिम शर्यतीत इंजिन प्रथम अडखळत राहिले आणि मग सरळ रस्त्याच्या मध्यावर पूर्ण बंद पडले. मार्शलने पिवळा झेंडा दाखवला, मी कार्ट ओढून गवतावर घेतली आणि उरलेली शर्यत हेल्मेट हातात धरून पाहिली.

बक्षीस समारंभ चालू असताना मेस्त्रींनी मल्टिमीटर काढला. आमच्या इंजिनाची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, रबरी बुशांवर बसवलेली असते, म्हणजे धक्के तिच्यापर्यंत कमी पोहोचतात; पण रबरातून वीज वाहत नाही, म्हणून कॉइलपासून इंजिनापर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर द्यावी लागते. त्या वायरच्या दोन टोकांना मीटर लावल्यावर तो वायर शाबूत असल्याची खूण म्हणून नेहमीसारखा वाजला. मेस्त्रींनी मीटर तसाच ठेवून वायर टर्मिनलपाशी बोटांनी हलवली, आणि वाजणे थांबले. पुन्हा हलवली, पुन्हा वाजला. वरचे प्लॅस्टिकचे आवरण कापल्यावर दिसले की आतल्या तांब्याच्या बहुतेक तारा क्रिंपच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या जोडाच्या कडेपाशी तुटल्या होत्या आणि आवरणाच्या आधाराने एकमेकींना टेकून राहिल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला ती वायर नवी कोरी वाटली असती.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला 11,000 फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे 183 ठिणग्या, आणि त्याच वेळी ट्रॅकवरचे हादरे थेट चासीत, कारण कार्टला सस्पेन्शनही नसते. त्या हादऱ्यांत तारा सुटत होत्या. स्टँडवर चाके हवेत फिरताना त्या निमूट टेकून बसत होत्या. पहिल्या हीटला प्लगने काहीच केले नव्हते. कॉइलच्या बाजूला हात गेल्याने वायर जरा बरी टेकली असावी, एवढेच.

सोमवारी शॉपमध्ये नवी वायर तयार केली, तिला ताण बसू नये म्हणून थोडा जास्त वळसा ठेवला आणि टोकावर रबरी नळी चढवली. मेस्त्रींचा आग्रह होता की शेजारून दुसरी अर्थिंगची वायरही टाकावी. या वर्गात इंजिनात परस्पर बदल चालत नाहीत, म्हणून तांत्रिक तपासनिसांना फोन करून विचारले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि लेखी अर्ज द्या, सोबत आकृती जोडा, असे सांगितले. आकृती मेस्त्रींनी त्याच संध्याकाळी जॉब कार्डाच्या पाठीवर काढून दिली.