फोंटाना लेक: जुन्या नकाशावर विसंबून जाणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, जुन्या नकाशावर तुटक दुहेरी रेघांनी दाखवलेला कच्चा रस्ता आज रस्ता नसतो. जेमतेम 600 मीटरसाठी माझे तीन तास गेले.

जागा म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या फोंटाना लेकचा उत्तर किनारा. 1942 ते 44 मध्ये टीव्हीएने (टेनेसी व्हॅली अथॉरिटी, धरणं आणि वीज बघणारी सरकारी संस्था) धरण बांधलं, हायवे 288 बुडाला, माणसं उठली, जमीन स्मोकी माउंटन्स पार्कात गेली. बदल्यात कबूल केलेला नवा रस्ता एका बोगद्यापाशी येऊन थांबला तो थांबलाच. धरणग्रस्तांची गोष्ट सगळीकडे सारखीच.

धरणाआधीचे टीव्हीए आणि यूएसजीएसचे (अमेरिकेचं सरकारी भूसर्वेक्षण खातं) 1:24,000 चे, म्हणजे 1 सेंटीमीटरला 240 मीटर दाखवणारे नकाशे बघितले की वेड लागतं. घरटी एक काळा ठिपका, शाळेला झेंडा, दफनभूमीला क्रॉस. मी एका ओढ्याच्या वरच्या अंगाची तीन घरं हेरली आणि त्यांचे अवशेष शोधायला लेकशोअर ट्रेल ही किनाऱ्याकडची पायवाट सोडून आत घुसलो, तर पुढे रोडोडेंड्रॉनची जाळी. आपली करवंदीची जाळी परवडली, निदान खाली उतरून वळसा तरी मारता येतो, इथे फांद्या गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत एकमेकींत गुंतलेल्या, सॅक अडकते, पायाखाली ओली शेवाळलेली दगडं, आणि ओढ्यातूनच चालावं म्हटलं तर तिथे आडवी पडलेली झाडं. शेवटी रांगलो. कंटूर (समान उंचीच्या रेषा) 40 फुटी, म्हणजे दर 40 फूट उंचीला एक रेघ असल्यामुळे 30 फुटांचा कडा नकाशात दिसतच नाही, तो आम्हाला प्रत्यक्षात दिसला.

होकायंत्र वापरणार असाल तर नकाशाच्या तळाशी छापलेला खऱ्या उत्तरेतला आणि होकायंत्राच्या उत्तरेतला फरक घेऊ नका, तो त्या काळचा आहे, आजचा बघून घ्या.

आणि नकाशे विकत घेऊ नका!! मी एका दुकानात तीन शीटचे 54 डॉलर मोजले, तेच यूएसजीएसच्या टोपोव्ह्यू या वेबसाइटवर फुकट आहेत, आपण प्रिंट काढायची. घरी आल्यावर कळलं, अजून चिडचिड होते.

लेकशोअर नावावर जाऊ नका, लेक फार कमी दिसतो, चढउतार मात्र सतत. दुसऱ्या दिवशी बोटीने जाऊन हेझल क्रीक या ओढ्याकाठचं ओस पडलेलं प्रॉक्टर गाव बघितलं, वाट सोपी, छान आहे, झालं.

मार्चमध्येच जा. जाळी संपल्यावर उघड्या रानात पिवळ्या डॅफोडिल्सची एक सरळ ओळ दिसली, ती कोणाच्या तरी अंगणातली, मागे घराच्या धुराड्याचे दगड. तिथे मी बॅग टाकून ओरडलोच. एप्रिलनंतर पानं फुटली की यातलं काही दिसणार नाही. आणि बाटल्या, पत्र्याचे डबे सापडले तर उचलू नका, पार्कात गुन्हा आहे.