आमची वाटचाल : गॅरेज की शाळा?

जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या पट्ट्यात आमचं दुकान आहे. हिरो होंडाच्या करिझ्मा आणि झेडएमआर, आणि होंडाची सीबीआर २५० आर या तीन मोटारसायकलींच्या दुरुस्तीवर आणि पार्टवर आमचं पोट आहे. बाकीच्या गाड्यांना नाही म्हणत नाही, पण नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत लोक आम्हाला ओळखतात ते या तिघींमुळे. निम्मं काम दुकानात होतं आणि निम्मं गिऱ्हाइकाच्या ओट्यावर. पार्ट, हत्यारं आणि मराठीत लिहिलेला कागद आम्ही पाठवतो, पाना गिऱ्हाईक फिरवतं. या पद्धतीला एके काळी अख्खी लाइन हसली होती. ते सगळं आज लिहून ठेवतोय.

२००३ साली करिझ्मा आली. २२३ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, १५ लिटरची टाकी, साधारण सतरा हॉर्सपॉवर. धुळ्याहून निघून बिजासन घाट चढून इंदूरला जेवायला जाता येईल अशी गाडी मध्यमवर्गाच्या हातात पहिल्यांदाच पडत होती. अडचण मिस्त्रींची होती. शंभर सीसीवर हात बसलेल्यांना व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या ओढीवर, स्लाइड (हवेची वाट कमीजास्त करणारा दट्ट्या) उचलणारा कार्बोरेटर परका होता. गाडी आयडलला, म्हणजे जागेवर थ्रॉटल न देता, गोड चालायची आणि पारोळा रोडला चार हजार आरपीएमच्या पुढे मान टाकायची. मिस्त्री प्लग बदलायचे, जेट बदलायचे, शेवटी ‘रिंग गेली’ म्हणून इंजिन उघडायचे. दोष असायचा डायफ्रामला, म्हणजे स्लाइड उचलणाऱ्या पातळ रबरी पडद्याला, पडलेल्या टाचणीएवढ्या भोकाचा.

ती तपासणी घरी होते. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढा, स्प्रिंग बाजूला ठेवा, डायफ्राम स्लाइडसकट उचला. बल्बसमोर धरून रबर दोन बोटांत हलकं ताणा. भोक बहुतेक घडीच्या कोपऱ्यात सापडतं. डायफ्राम पेट्रोलमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये कधीही बुडवू नका. रबर फुगतं आणि कड खाचेत बसत नाही. परत बसवताना खालून बोटाने स्लाइड थोडी उचलून धरा, म्हणजे कड दुमडत नाही. रबराचा छोटा कान त्याच्याच खाचेत यायला हवा. झाकण लावल्यावर स्लाइड पूर्ण वर उचला, डायफ्रामखालच्या पोकळीत हवा नेणारं भोक बोटाने बंद करा आणि मग स्लाइड सोडा. डायफ्राम शाबूत असेल तर ती अगदी सावकाश उतरते. धपकन पडली तर हवा गळते आहे.

या एका कामावर आमचं नाव झालं, आणि त्याचं श्रेय धरणगावच्या एका गुरुजींना द्यायला हवं. ते आमचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. त्यांना आम्ही डायफ्राम दाखवला तर म्हणाले, ‘भाऊ, हे कागदावर लिही, पुढच्या वेळी मी घरी करीन.’ आम्ही लिहिलं, त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून दिलं. आजही आमच्या प्रत्येक कागदावर पायऱ्या त्यांच्याच पद्धतीने असतात: आधी काय सैल करायचं, ते कुठे ठेवायचं, मग काय काढायचं. त्यांच्या वहीत ऑइलची तारीख असतेच, शिवाय चेनची लांबीही असते. ४२८ नंबरच्या चेनची कडी १२.७ मि.मी. म्हणजे २० कड्या २५४ मि.मी.; ५२० ची कडी १५.८७५, म्हणजे २० कड्या ३१७.५. चेन ताणून धरून हे माप घ्यायचं आणि दीड-दोन टक्के वाढ दिसली की चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची दोन्ही स्प्रॉकेटं (दातेरी चाकं), पूर्ण बदलायचा. नुसती चेन बदलली तर झिजलेलं स्प्रॉकेट नव्या चेनला लवकर खातं. गुरुजींचं म्हणणं अहिराणीत एवढंच: ‘गाडी चालाले जोयजे, नुसती दिसाले नही.’

मग काही वर्षं सुरळीत गेली. २००९ ला कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनची झेडएमआर आली, २०१० च्या डिसेंबरात हिरो आणि होंडा वेगळे झाल्याचं जाहीर झालं, २०११ ला सीबीआर आली. शटर दोनाचे तीन झाले.

आणि मग समोर एक दुकान उघडलं.

नाव घेत नाही, जळगावकरांना कळेल. पाटीवर ‘ओरिजिनल’ तीन ठिकाणी, आत काचेची शोकेस, आणि आमच्याकडेच हात काळे केलेला एक मिस्त्री जास्त पगारावर. धंदा आहे, स्पर्धा असणारच. राग त्याचा नाही. त्यांनी पसरवलं की ‘यांच्याकडे मिस्त्री राहिले नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाकडून काम करून घेतात. ते गॅरेज नाही, शाळा आहे.’ ही ‘शाळा’ चहाच्या टपरीपर्यंत पोचली. लोक गाडी हळू करून विचारायचे, ‘काय भो, शाळा चालू शे का?’

खरा घाव किमतीने घातला. आमच्या निम्म्या भावात कार्बोरेटर किट, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड. माल कुठून यायचा ते ठाऊक आहे, लिहीत नाही. ओळखायचा कसा ते लिहितो. बनावट डायफ्राम जाड असतो, त्यामुळे स्लाइड उशिरा उचलते आणि थ्रॉटल उघडला की गाडी गचका खाते. त्याचा कान खाचेपेक्षा मोठा असतो, लोक तो ब्लेडने कापतात आणि तिथूनच हवा गळते. बनावट फिल्टरच्या कागदाला घड्या कमी असतात आणि टोकाचं रबर नखाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. ब्रेक पॅडमध्ये मसाला आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये रेष दिसली तर तो पॅड परत करा. घाटात तापल्यावर तिथूनच सुटतो.

सीबीआरचा फिल्टर इंजिनच्या झाकणामागे असतो. त्याच्या एका तोंडावर ‘बाहेरची बाजू’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते तोंड बाहेर यायला हवं. स्प्रिंग आत, फिल्टरच्या मागे. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते आणि वरचं हेड कोरडं पडतं. समोरच्यांनी बसवलेले उलटे फिल्टर आमच्या टेबलावर आले. कॅमशाफ्ट ओरखडलेले, गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं, आणि वर आम्हालाच विचारणा, ‘तुम्ही शिकवलं होतं ना, मग असं कसं झालं?’ आम्ही बिल, फिल्टर आणि आमचा कागद शेजारी शेजारी मांडून दाखवायचो. काहींना पटायचं, बरेच जण स्वस्ताकडेच जायचे. तिसरं शटर सोडलं, मग दुसरं. बँकेचा हप्ता थकला. लेथवाल्याचे पैसे राहिले. तो माणूस मात्र एकदाही दारात मागायला आला नाही.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो: नवीन धंदा टाकणाऱ्याने पार्ट उधारीवर देऊ नये, मजुरी एकवेळ द्यावी. मजुरी बुडाली तर एक दिवस बुडतो. पार्ट बुडाला तर त्याच्या जागी आणायचा पुढचाही बुडतो. आणि सायलेन्सर कापून फाटका आवाज काढायला येणाऱ्या पोरांचं काम घेऊ नये, त्यांचे बाप नंतर येतात.

२०२० च्या मार्चमध्ये सगळंच बंद झालं. गाड्या महिनोन्‌महिने ओसरीत उभ्या. पेट्रोल उडून गेलं आणि कार्बोरेटरच्या तळाच्या फ्लोट बाउलमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या वाटीत, पिवळा चिकट थर बसला. दुकानं उघडेनात, मिस्त्री घरी येईना, आणि लोकांना आमचे कागद आठवले. फोनवर फोन. उपाय साधा होता: बाउलच्या तळाचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल बाटलीत काढा, बाउल उघडून पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) काढा, उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतं का पाहा. त्यात तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की आयडल कायमचं बिघडतं. नायलॉनच्या ब्रशचा एक केस आणि क्लीनरचा फवारा पुरतो. ज्या ‘शाळे’ला हसले होते तिचेच विद्यार्थी तेव्हा स्वतःची गाडी चालू करत होते. समोरचं शटर त्यानंतर उघडलं नाही. आनंद झाला असं लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून लिहीत नाही.

हत्यारांबद्दल थोडं जास्त लिहिणार, कारण पैसे तिथेच वाया जातात. ५६ तुकड्यांची चकचकीत पेटी घेऊ नका. ८, १०, १२, १४ चे टी-पाने, चांगले रिंग पाने, फट मोजायचं फिलर गेज, मल्टिमीटर, ठरल्याएवढाच जोर लावणारा टॉर्क रेंच, आणि जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस, पेचकस. या गाड्यांचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यांत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. टॉर्क रेंच ही चैन नाही: ड्रेन बोल्ट लोखंडी, केस अ‍ॅल्युमिनियमचा, आणि आटे निघाले की घरगुती काम तिथेच थांबतं. सीबीआरला फिल्टरसह दीड लिटर ऑइल लागतं, आणि दर वेळी ड्रेन बोल्टला नवा वॉशर.

पुढच्या शॉकअपचं ऑइल सील बसवायचं हत्यार विकत आणू नका. जळगावात राहून पीव्हीसी पाइपचा तुकडा मिळत नसेल तर अवघड आहे. शॉकअपच्या पाइपवरून सैल जाईल आणि ज्याची कड सीलच्या बाहेरच्या काठावरच टेकेल असा तुकडा सरळ कापून घ्या, कड घासून गुळगुळीत करा. त्याआधी सील बदलायची खरंच गरज आहे का ते पाहा. आमच्या काळ्या मातीची धूळ सीलच्या ओठाखाली जाते आणि ऑइल पाझरतं. डस्ट सील खाली ओढून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी ओठाखालून गोल फिरवली की पुष्कळदा गळती थांबते. पाइपवर गंजाचे टोचे असतील तर २००० नंबरच्या पेपरने, ऑइल लावून, आडवं हलकं घासा. खोल खड्डा असेल तर नवं सीलही टिकणार नाही, हार्ड क्रोमला द्या. ऑइल दोन्ही बाजूंना मापाच्या भांड्याने सारखंच.

सीबीआरच्या वाल्व्हची फट मोजणं हे आमचं आवडतं काम. फट इनटेकला ०.१६, एक्झॉस्टला ०.२७ मि.मी.; दोन्हीकडे ०.०३ इकडेतिकडे चालतं. इंजिन थंड हवं, आणि होंडाच्या हिशेबात थंड म्हणजे ३५ अंशांच्या खाली. मे महिन्यात भुसावळला दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडीही दहा वाजता ‘गरम’च. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे. आवाज करणाऱ्या वाल्व्हला लोक घाबरतात. घाबरायचं ते गप्प झालेल्याला. फट संपली की वाल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीटकडे उष्णता जात नाही, आणि एक्झॉस्टचा वाल्व्ह जळतो.

त्याच गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. कापसाच्या हंगामात ट्रकमागून आलात तर जाळी पाहा, बोंडाचा कापूस पत्र्यांत अडकून बसतो. पाइपचं पाणी मागच्या बाजूने, कमी जोराने मारा. टायरची हवा पुढे-मागे २९ पीएसआय, थंड टायरवर. दुपारी मोजून हवा सोडणाऱ्या पंपवाल्याला हात लावू देऊ नका.

बॅटरी वारंवार उतरते म्हणून नवी घेण्याआधी मीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चार-पाच हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट. तेवढे आले नाहीत तर स्टेटरच्या, म्हणजे इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या गुंडाळीच्या, तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर उघडा. तो काळा पडलेला असेल तर निम्मं उत्तर मिळालं. कोणतीही पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये मीटरने जोड दाखवला तर स्टेटर गेला. दाखवला नाही आणि तिन्ही जोड्यांत एसी व्होल्ट सारखे आले तर रेग्युलेटर पाहा.

२०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि जुन्या करिझ्मांचं काम आमच्याकडे वाढलं. पेट्रोलचा पाइप, बाउलची ओ-रिंग, सुईचं रबर हे आता नव्या मिश्रणाला टिकणाऱ्या रबराचेच पाठवतो. टाकीत पाणी धरून गंज चढतो. त्यावर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, एका लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. कॉक आणि तेलकाटा काढून भोकं बंद करा, टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, लगेच उन्हात वाळवा आणि आत पेट्रोल-ऑइल फिरवा. वाळवण्यात उशीर केला तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होते.

सध्या दोन शटर आहेत. गुरुजींची करिझ्मा अजून चालू आहे, वही दुसरी.

पार्ट मागवताना गाडीचं वर्ष, चेसिस नंबर आणि जुन्या पार्टचा पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा. कार्बोरेटर दुरुस्तीला पाठवणार असाल तर बाउलमधलं पेट्रोल काढा, दोन दिवस उघडा ठेवा आणि मग प्लास्टिकमध्ये बांधा. वास आला की कुरिअरवाला पार्सल परत करतो, आणि परतीचं भाडं तुम्हालाच पडतं.