बाबांच्या डोक्यात साठलेलं रक्त : माझा अनुभव

बाबा ७४ वर्षांचे, हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. एक दिवस बाथरूमच्या दाराची चौकट डोक्याला लागली, ना जखम ना चक्कर, जरासं टेंगूळ आलं, बर्फ लावला आणि आम्ही सगळेच विसरून गेलो.

साधारण पाच आठवड्यांनी ते शर्टाची बटणं चुकीच्या काजात घालायला लागले, सकाळी डोकं दुखतं म्हणायचे, आणि चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहायची, त्यांना कळायचंही नाही. पहिल्या डॉक्टरांनी वयामुळे होतं असं म्हणून टॉनिक दिलं, त्यात आमचे आठ दिवस गेले, याचा मला अजून राग येतो. माझ्या मनात तर ब्रेन ट्यूमरच बसला होता.

न्यूरोसर्जनकडे गेलो तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "गेल्या दोन-तीन महिन्यांत डोक्याला कुठे लागलं होतं का?" मी नाही म्हणून मोकळी झाले, तेवढ्यात आई म्हणाली, अगं ती चौकट! मग त्यांनी बाबांना डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, तर डावा हात हळूहळू वळून खाली यायला लागला. साल विचारलं तर चुकीचं सांगितलं, म्हणून कोमा स्केलवर, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायच्या मापावर, १५ पैकी १४.

लगेच साधा सीटी काढला. उजवीकडे कवटीच्या आत चंद्रकोरीसारखा करडा पट्टा आणि मेंदू डावीकडे ढकललेला. क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं जुनं रक्त. वयाप्रमाणे मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही फाटू शकतात, मग रक्त हळूहळू साठत जातं आणि गोळीमुळे ते थांबायलाही वेळ लागतो, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ट्यूमरनेही अशीच लक्षणं येऊ शकतात, तेव्हा कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, त्याने गाठ उठून दिसते) घालून एमआरआय लागतो, इथे त्याची गरज पडली नाही.

आधी गोळी बंद केली, व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) देऊन आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खाली आणला, मग बर होल, म्हणजे कवटीला दोन छोटी भोकं पाडून आतलं रक्त धुऊन काढलं. ते इंजिन ऑइलसारखं काळपट होतं म्हणे. दोन दिवस नळी ठेवली, उशी न घेता सपाट झोपवलं, आणि दर तासाला नर्स डोळ्यात टॉर्च मारून नाव विचारायची, बाबा वैतागायचे पण मला ते वैतागणं ऐकूनच धीर यायचा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बटणं स्वतः लावली, सगळी बरोबर.

हे रक्त काही जणांना परत साठतं, म्हणून अजून फेर सीटी बाकी आहे, आणि गोळी कधी सुरू करायची ते हार्टचे डॉक्टर आणि न्यूरोसर्जन तो बघून ठरवणार आहेत. तुमच्या घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल आणि डोक्याला जरासं जरी लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि तारीख लिहून ठेवा. आम्हाला ती आजही नीट आठवत नाही.