शाळेच्या मॅचला अख्खं गाव कशाला?

भारतातून कुणी पाहुणे आले की मी त्यांना मॅसिलनचं स्टेडियम दाखवायला नेते, आणि गाडीतून उतरायच्या आतच प्रश्न येतो, "हे शाळेचं? तेही सरकारी शाळेचं?" पाठोपाठ दुसरा, "पोराटोरांचा फुटबॉल बघायला एवढी माणसं येतात?" येतात. ओहायोतल्या या गावाची वस्ती 32,000च्या आसपास, आणि वॉशिंग्टन हायस्कूलच्या या स्टेडियममध्ये बसायची सोय 16,000हून जास्त लोकांची. निम्मं गाव मावेल. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस सांगते.

(फुटबॉल म्हणजे अर्थातच इथला. हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू काखोटीला मारून पळायचा.)

"अमेरिकनांना खेळाचं वेडच" म्हणून मोकळं होता येतं, पण वेड तर शेजारच्या गावांनाही आहे. माझ्या मते खरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. शाळा सरकारी आहे, म्हणूनच गाव येतं. इथे शाळा चालते ती बऱ्याच अंशी घरपट्टीवर, आणि शाळेसाठी कर वाढवायचा तर गावाने मत द्यावं लागतं. ज्याचं घर हद्दीत, त्याची शाळा ही. शेजारच्या हद्दीतली मुलं घ्यायची मुभा ओहायोत बऱ्याच शाळांना आहे, त्यामुळे रेघ पूर्वीइतकी पक्की राहिली नाही. तरी मैदानावरचा मुलगा कोण, हे प्रेक्षकांतल्या निम्म्यांना ठाऊक असतं. कुणाचा भाचा, कुणाच्या भाडेकरूचा धाकटा. शुक्रवारी रात्री त्याच्या हातून चेंडू निसटला तर शनिवारी किराणा दुकानात त्याच्या आईला दहा जण "असू दे गं" म्हणतात, आणि दोघे-तिघे मुद्दाम काहीच म्हणत नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ उतरला की तिथेही हेच.

पण एवढं मोठं स्टेडियम बांधण्यामागे एक माणूस आहे. पॉल ब्राउन. याच शाळेत खेळला, आणि 1932मध्ये प्रशिक्षक म्हणून परत आला. मंदीचा काळ, पोलादाच्या कारखान्यांवर जगणारं गाव. 1937च्या संपात इथे कामगार मारले गेले, आणि 1939मध्ये हे स्टेडियम उभं राहिलं. गावाला त्या वर्षांत जिंकण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं. ब्राउनने नऊ हंगामांत 80 सामने जिंकले, फक्त 8 हरले. पुढे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला आणि क्लीव्हलँडच्या संघाला त्याचंच नाव मिळालं. शाळेच्या मास्तराच्या नावाचा व्यावसायिक संघ!

ब्राउनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र मॅसिलनच्या वैऱ्याशी निगडित आहे. वैरी म्हणजे तेरा-चौदा किलोमीटरवरचं कँटन, तिथली मॅकिन्ली हायस्कूल. ही झुंज 1894पासूनची. तिसाच्या दशकात मॅकिन्लीकडून मॅरियन मोटली नावाचा दांडगा कृष्णवर्णीय मुलगा खेळायचा. त्याच्या काळात मॅकिन्ली हरली ती फक्त मॅसिलनकडून, म्हणजे ब्राउनकडून. ब्राउनने त्याला लक्षात ठेवलं. 1946मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना जवळजवळ दारबंदी होती, तेव्हा ज्या दोघांना ब्राउनने क्लीव्हलँडकडून उतरवलं त्यांतला एक मोटली. समोरून येऊन आपल्या पोरांना तुडवणारा पाहिला की माणूस एक तर राग धरतो किंवा नाव लिहून ठेवतो. मोटली पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात गेला, आणि ते हॉल ऑफ फेमसुद्धा कँटनलाच आहे. मॅसिलनकर तिथे पाहुण्यांना नेतात खरे, पण गाडी लावताना जरा कुरकुरतात.

गावातल्या इस्पितळात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात समर्थकांच्या क्लबकडून छोटासा फुटबॉल येई. कित्येक दशकांची ही रीत. पाहुणे यावर हमखास हसतात. मला कौतुक वाटतं आणि किंचित धसकाही बसतो, कारण बाळाने अजून डोळे नीट उघडलेले नसतात. आणि मुलींच्या पाळण्याचं काय, हे विचारायची सोय नाही. 2018मध्ये गावातलं ते इस्पितळ बंद पडलं. तेव्हापासून बाळंतपणाला बऱ्याच जणी जातात कुठे, तर कँटनला! यावर गावात बरेच विनोद चालतात. सगळे इथे लिहिण्यासारखे नाहीत.

एवढं असून एक सल होती. 1972पासून राज्याचा विजेता बाद फेरीने ठरू लागला. त्याआधी वर्तमानपत्रांच्या कौलात मॅसिलन कितीदा तरी पहिलं आलं होतं, पण बाद फेरी सुरू झाल्यावर विजेतेपद म्हणून मिळेना. 2018, 2019, 2020 अशी ओळीने तीन वर्षं अंतिम सामन्यात हार. त्यातल्या दोन आर्चबिशप होबनकडून. ही अ‍ॅक्रन शहरातली खाजगी कॅथलिक शाळा. तिला हद्दीची अडचण नाही, कुठूनही मुलगा येऊ शकतो, आणि सरकारी शाळावाल्यांची जुनी कुरकुर नेमकी तीच. 2023मध्ये अंतिम सामन्याला पुन्हा होबन समोर, आणि तोही कँटनमध्ये. मॅसिलन 7, होबन 2. फुटबॉलमध्ये असा धावफलक क्वचित दिसतो. एकदाच चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, त्यावर एक किक, बाकी सारा वेळ समोरच्याला अडवून धरलं. बघायला सुंदर होता असं मी म्हणणार नाही. पण हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकून अर्ध्या शतकानंतर ते विजेतेपद आलं, आणि आमच्या गल्लीतले एक आजोबा, जे एरवी हवामानापलीकडे बोलत नाहीत, आठवडाभर दिसेल त्याला स्कोअर सांगत होते.

यानंतर तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण सगळे तोच विचारतात, "मग तुमचा मुलगा खेळतो का?" नाही. डोक्याला बसणाऱ्या मारांबद्दल गेल्या काही वर्षांत जे वाचलंय, त्यानंतर माझी छाती झाली नसती. तो बँडमध्ये ट्रोंबोन वाजवतो. मध्यंतरात मैदानावर तोही उतरतो, नारिंगी-काळ्या वेशात, हेल्मेटशिवाय. दुसऱ्यांची पोरं आपटताना मी उभी राहून ओरडते, हे विसंगत आहे. आहेच. ऑक्टोबरअखेर येणार असाल तर आधी कळवा, मॅकिन्लीच्या सामन्याची तिकिटं ऐनवेळी मिळत नाहीत.