बंद पापण्यांआड

भातलावणीच्या दिवसांत, कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात रात्रपाळीला असताना, पहाटे साडेचारला एका चाळिशीच्या शेतकऱ्याला त्यांच्या पत्नीने आणले. पोटात कळा येत होत्या. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूजही नव्हती. अपचन समजून मी गोळी लिहिणारच होतो, पण पापण्या उघड्या ठेवण्यासाठी ते सारखे कपाळाला आठ्या घालत होते आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते हे कळले, तेव्हा मण्यारीचा संशय आला. प्रतिविषाच्या 10 कुप्या सुरू केल्या, तरी पाऊण तासात थुंकी गिळता येईना आणि श्वास उथळ झाला. घशात नळी घालून, हाताने फुगा दाबत आम्ही 108 च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या गावी निघालो.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून सेकंदाला सुमारे 50 मीटर वेगाने विद्युत्-लहरीच्या रूपात धावतो, पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मधली सूक्ष्म फट ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकातून असिटिलकोलीन हे रसायन सुटावे लागते. नागाचे विष हे रसायन पलीकडच्या, म्हणजे स्नायूच्या काठावर अडवते, म्हणून तिथे ते रसायन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा बऱ्याचदा गुण येतो. मण्यारीचे विष मात्र तंतूची टोकेच निकामी करते. ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, आणि प्रतिविष झालेले नुकसान भरून काढत नाही. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो, एवढाच काय तो उपाय.

वाटेत त्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, उजेडाने आकसेनात. मी अंगठ्याच्या नखावर पेन दाबून पाहिले. बोटही हलले नाही. "आता काही उरलेलं दिसत नाही," असे मी नर्सबाईंना हळूच म्हणालो. कातडीकडून आणि कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांना स्नायूजवळची ती फट ओलांडावीच लागत नाही, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. त्या पहाटे ते आठवले नाही.

सहाव्या दिवशी त्यांचा व्हेंटिलेटर निघाला. तीन आठवड्यांनी पिशवीभर काकड्या घेऊन ते केंद्रात आले आणि काळानिळा अंगठा माझ्यापुढे धरून म्हणाले, "डॉक्टर, पेन जरा जोरातच दाबलंत हो. आणि नर्सबाईंना काय म्हणालात, तेही ऐकलं मी."