लेक मार्टिनवरची सकाळ

आज अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या ब्रो ब्रिज गावाजवळच्या लेक मार्टिनवर दोन तास नावेतून हिंडलो. पाण्यातच उभ्या असलेल्या सायप्रस वृक्षांवरून करड्या जटांसारखे लोंबणारे 'स्पॅनिश मॉस' हे शेवाळ नसून अननसाच्या कुळातील वनस्पती आहे, हे नावाड्याने सांगितले तेव्हा मला क्षणभर खरेच वाटेना. गुलाबी चमचे पक्षी भरपूर दिसले. ज्याला ओंडका समजलो, तो मात्र ॲलिगेटर निघाला.

दुपारी उकडलेले क्रॉफिश खाल्ले. भाताची कापणी झाल्यावर त्याच खाचरांत पुन्हा पाणी भरून हे कोळंबीचे भाऊबंद वाढवले जातात, हे ऐकून माझ्यातील कोकणी माणूस सुखावला. (मसाल्याच्या तिखटपणाची ख्याती जरा जास्तच ऐकली होती.) येथील केजन लोकांचे पूर्वज म्हणजे ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियातून हुसकावून लावलेले फ्रेंच भाषक अकेडियन. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार केली, वर्गात ती बोलणाऱ्या मुलांना शिक्षा झाल्या, आणि तरीही आज शेजारच्या टेबलावर दोन आजोबांच्या गप्पा फ्रेंचमध्येच रंगल्या होत्या. मला त्यातले अवाक्षर कळले नाही, तरी जेवण संपल्यावरही मी बराच वेळ तेथेच बसून राहिलो.